अडगावचे मैदान आणि गाविलगडचा किल्लेदार

श्रोतेहो, अकोला-खंडवा या मीटरगेज मार्गावरून ज्यांनी प्रवास केला असेल, त्यांना अकोट सोडल्यावर लागणारी दोन स्थानके आठवत असतील. आधी अडगाव आणि मग आपले हिवरखेड. यांपैकी अडगावचे नाव इंग्रजांच्या लष्करी इतिहासात अमर होऊन बसले आहे. उच्चार मात्र पार बिघडलेला, ‘अर्गाम’ असा. सन १८५१ मध्ये इंग्रजांनी हिंदुस्थानातील जुन्या लढायांत लढलेल्यांपैकी जे हयात होते त्यांना एक पदक दिले. त्यावर लावण्याच्या चांदीच्या पट्ट्यांपैकी एकीवर हे नाव कोरलेले होते, दुसरीवर गाविलगडचे. आमच्या शाळेच्या पुस्तकात मात्र या लढाईला जेमतेम एक ओळ मिळते.

आता लढाईची गोष्ट सांगायची म्हटली की आपली एक ठरलेली रीत असते. अमका निष्ठावान, तमका फितूर; हा शूर, तो भेकड. कीर्तनकार असो, नाटककार असो की कादंबरीकार, पात्रांची ही वाटणी तो पहिल्याच अंकात करून टाकतो आणि युद्ध हे केवळ त्यावर शिक्कामोर्तब करण्यापुरते येते. अडगावची हकीकत या साच्यात काही केल्या बसत नाही, आणि म्हणूनच मला ती सांगाविशी वाटते.

प्रथम प्रसंग ध्यानात घ्या. २३ सप्टेंबर १८०३ रोजी असईच्या लढाईत जनरल वेलस्लीने शिंदे आणि नागपूरकर भोसले यांच्या फौजेचा पराभव केला होता. पुढे त्याचा सहकारी कर्नल स्टीव्हन्सन याने बऱ्हाणपूर व अशीरगड घेतले आणि तो गाविलगडच्या रोखाने वऱ्हाडात उतरला. दौलतराव शिंद्यांनी २३ नोव्हेंबरला युद्धतहकुबी मान्य केली. परंतु जी अंतरे पाळायची ठरली होती ती पाळली गेली नाहीत, आणि त्यांचा रिसाला भोसल्यांच्या फौजेला लागूनच राहिला. तहाची बोलणी करणारे वकील इंग्रजांच्या छावणीत आणि घोडेस्वार भोसल्यांच्या बाजूला! शब्द मोडला म्हणावे, की दोस्ताला सोडले नाही म्हणावे? दोन्ही म्हणता येते. भोसल्यांच्या फौजेचे सेनापतित्व दुसऱ्या रघूजींचे भाऊ व्यंकोजी ऊर्फ मन्याबापू यांच्याकडे होते.

२९ नोव्हेंबरची दुपार. अडगावची घरे व कुंपणे पाठीशी घेऊन मराठी फौज लांबच लांब पसरलेली होती. पुढे नाल्यांनी कापलेले सपाट काळे रान. त्या दिवशी मोठी मजल मारून आलेली इंग्रजांची फौज सिरसोली गावाजवळून पुढे सरकू लागली आणि मराठ्यांच्या तोफा सुरू झाल्या. त्याबरोबर कंपनीच्या देशी शिपायांच्या तीन पलटणी फुटल्या आणि मागे पळाल्या. या नवख्या पलटणी नव्हत्या, बरे का. दोनच महिन्यांपूर्वी असईला, याहून कितीतरी भयंकर तोफांच्या माऱ्यात, हेच लोक उत्तम लढले होते. स्वतः वेलस्लीने आपल्या पत्रात हे नमूद केले आहे, आणि आपण जवळपास नसतो तर त्या दिवशी लढाई हातची गेली असती, अशीही कबुली दिली आहे. त्याने त्यांना सावरले, पुन्हा रांगेत आणले, आणि मग तेच शिपाई पुढे जाऊन लढले.

शिक्षकबंधूंनो, वर्गात हा प्रसंग अवश्य सांगा आणि मुलांना विचारा, की हे शिपाई शूर होते की भित्रे? असईला शूर, अडगावला साडेचार वाजता भित्रे, आणि सूर्य मावळायच्या आत पुन्हा शूर. माणसे तीच. फरक कशाचा म्हणाल तर थकव्याचा, आणि पळण्याच्या क्षणी समोर कोणी उभे आहे की नाही याचा.

दुसऱ्या बाजूलाही पाहा. भोसल्यांच्या पदरी परदेशी पायदळाची एक तुकडी होती. वेलस्ली त्यांना इराणी म्हणतो, इतर कोणी अरब म्हणतात. ही माणसे समोरच्या दोन गोऱ्या पलटणींवर चालून गेली आणि जवळजवळ सगळी तेथेच पडली. पगारी माणसे, परक्या मुलखातली! आपण मोठ्या तुच्छतेने ‘भाडोत्री’ म्हणतो ती हीच. त्यांच्यापैकी एकाचेही नाव कोणी लिहून ठेवले नाही. याच्या उलट गोष्ट शिंद्यांच्या कवायती पलटणींची. त्यांच्यातील इंग्रज अधिकाऱ्यांना युद्ध सुरू होताच कंपनीने पगाराचे आश्वासन देऊन फोडले. साहेब गेले, शिपाई राहिले, आणि १ नोव्हेंबरला उत्तरेत लासवारीच्या रणात असे लढले की खुद्द जनरल लेक थक्क झाला. खाल्ल्या मिठाला जागणे ही वस्तू दर्जाप्रमाणे वाटली जात नाही, एवढे तरी यातून दिसते.

असो. अडगावला मराठी फौज मोडली, ३८ तोफा गेल्या आणि चांदण्यात पाठलाग चालला. मोडलेल्या पायदळापैकी पुष्कळसे मेळघाटच्या कड्यावरील गाविलगडात शिरले. गडाचा किल्लेदार होता बेनीसिंग नावाचा रजपूत, आणि त्याची स्वतःची रजपूत शिबंदी होती.

गाविलगड ज्यांनी पाहिला असेल त्यांना ठाऊक आहे, दक्षिणेकडून, म्हणजे आपल्या वऱ्हाडच्या बाजूने, तो घेणे जवळजवळ अशक्य. म्हणून स्टीव्हन्सनने डोंगराला वळसा घातला. रस्ता नव्हता, तो शिपायांनी करायचा आणि जड तोफा दरीतून चढवायच्या, असे चार-पाच दिवस चालले. तोफा ओढताना त्या माणसांचे काय झाले असेल, हे चिखलदऱ्याचा घाट बैलगाडीने चढलेल्या जुन्या माणसाला विचारावे. लबाडा गावाच्या बाजूने मोर्चे लागले, तटाला खिंडारे पडली आणि १५ डिसेंबर १८०३ रोजी सकाळी हल्ला झाला. बाहेरचा कोट पडला तरी आतला कोट शाबूत होता. कॅप्टन कॅम्पबेल याने ९४ व्या पलटणीची एक तुकडी घेऊन शिड्यांनी आतला तट चढला आणि दरवाजा उघडला. इंग्रज कादंबरीकार बर्नार्ड कॉर्नवेल याने या वेढ्यावर कादंबरी लिहिली आहे, आणि हा पराक्रम त्याने शार्प नावाच्या आपल्या काल्पनिक नायकाच्या पदरात टाकला आहे! कादंबरीकाराला ते शोभते. पण नायक हवाच असेल तर त्या दिवशी खरेखुरे कमी नव्हते.

कारण आत काय होते? सोळा दिवसांपूर्वी अडगावहून पळालेले पायदळ होते. तेच आता तटावर उभे राहिले. आणि दरवाजापाशी बेनीसिंग होता. त्याला पळायला वाव नव्हता असे कोणी म्हणेल. पण हत्यार ठेवायला तर होता. त्याने ते ठेवले नाही. दरवाजाजवळच्या प्रेतांच्या राशीत त्याचे प्रेत सापडले.

आता या गोष्टीतला जो भाग मोठ्याने सांगताना जीभ अडखळते, तोही सांगितला पाहिजे. गड जाणार असे दिसताच रजपुतांनी आपल्या घरच्या बायकामुलींना जोहाराच्या रीतीने मारण्याचा प्रयत्न केला. तो पुरा झाला नाही. काही गेल्या, काही जखमी होऊन वाचल्या. हात अर्ध्यावर का थांबले? वेळ नव्हता म्हणून, की हातच चालेना म्हणून? आमच्या पोवाड्यांच्या परंपरेला जोहार ठाऊक आहे, पण हा अर्धवट राहिलेला जोहार कुणाच्या पोवाड्यात शोभणार? किल्लेदाराच्या निष्ठेची किंमत त्या बायांनी मोजली, आणि त्यांना कोणी विचारले नव्हते. मला स्वतःला त्या न चाललेल्या हाताबद्दल जास्त आदर वाटतो.

आता तहाची कलमे पाहू. गड पडला १५ डिसेंबरला. १७ डिसेंबरला, म्हणजे दोनच दिवसांनी, गडाच्या पायथ्याकडील देवगावच्या मुक्कामी रघूजी भोसल्यांनी इंग्रजांशी तह केला. कटक आणि बालेश्वर गेले, वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूखही गेला. मात्र त्या मुलखातून दोन किल्ले, सालिना चार लाखांच्या प्रदेशासह, भोसल्यांकडेच ठेवण्यात आले. एक नरनाळा आणि दुसरा गाविलगड.