कुलाब्याची नोंदवही आणि ‘आदित्य’

खोताची वाडीपासून कुलाबा फार दूर नाही. पण तेथील जुन्या वेधशाळेचे नाव आपल्या मुलांना ठाऊक नसते. 1 सप्टेंबर 1859 रोजी इंग्लंडात रिचर्ड कॅरिंग्टन यांना सूर्यावर एकाएकी पांढरा लखलखाट दिसला. सुमारे साडेसतरा तासांनी पृथ्वीवर चुंबकीय वादळ आले, तारायंत्रे बिघडली. 2 सप्टेंबरला कुलाब्याच्या उपकरणात चुंबकीय क्षेत्र सुमारे 1600 नॅनोटेस्लांनी घसरलेले नोंदले गेले. शास्त्रज्ञ आजही हा आकडा काढून पाहतात, कारण कोणीतरी नेमाने वाचने लिहीत बसला होता. त्याचे नाव कोणी विचारीत नाही! पुढे विजेच्या ट्राम येणार म्हणून 1904 साली हे काम अलिबागला हलविले.

सूर्याचे अतिनील किरण मात्र बरेचसे वातावरणातच अडतात. ते टिपायचे तर दुर्बीणच वर न्यावी लागते. पुण्याच्या ‘आयुका’ संस्थेने तशी ‘सूट’ ही दुर्बीण बांधली. ती घेऊन ‘आदित्य-एल1’ यान 2 सप्टेंबर 2023 रोजी, म्हणजे कुलाब्याच्या नोंदीनंतर बरोबर 164 वर्षांनी निघाले आणि 6 जानेवारी 2024 रोजी पृथ्वीपासून 15 लाख किलोमीटरवर स्थिरावले.

मोहिमेच्या प्रकल्प-संचालिका होत्या निगार शाजी; तामिळनाडूतील सेंगोट्टाईच्या शेतकऱ्याची मुलगी. ‘मुलीला दहावी पुरे’ म्हणणाऱ्या पालकांना मी त्यांचाच दाखला देतो. एका वडिलांनी विचारले, “सर, त्या घरापासून किती लांब शिकायला गेल्या?” आधी तिरुनेलवेली, मग थेट रांची, असे सांगताच ते बराच वेळ गप्प बसले. प्रवेशाचा अर्ज मात्र घेऊन गेले.