श्रोडिंगर यांनी वगळलेली ऊर्जा

१/ स्थिर इलेक्ट्रॉनच्या वस्तुमानात सुमारे ५,११,००० इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा सामावलेली असते. हीच त्याची विराम-ऊर्जा. हायड्रोजनच्या अणूतून त्याला सोडवण्यास मात्र १३.६ इलेक्ट्रॉन-व्होल्ट पुरतात. तरीही १९२६ साली हायड्रोजनचे कोडे सुटले, ते यांतला मोठा आकडा बाजूला ठेवून.

२/ वास्तविक द्रव्य-तरंगांच्या कल्पनेचा उगमच विराम-ऊर्जेत होता. १९२४च्या प्रबंधात लुई द ब्रॉय यांनी आइन्स्टाइन आणि प्लांक यांची ऊर्जासूत्रे एकत्र आणली. त्यानुसार स्थिर कणालाही स्वतःचे स्पंदन असते. इलेक्ट्रॉनचे स्पंदन सेकंदाला १ वर २० शून्यांहूनही अधिक वेळा होते.

३/ झुरिकमध्ये एर्विन श्रोडिंगर यांनी प्रथम सापेक्षतेला धरूनच समीकरण मांडून पाहिले. त्यात विराम-ऊर्जा होती. परंतु हायड्रोजनच्या वर्णरेषांची सूक्ष्मरचना चुकीची येत होती. त्या समीकरणात इलेक्ट्रॉनच्या स्पिनला स्थान नव्हते.

४/ जानेवारी १९२६मध्ये त्यांनी प्रसिद्धीसाठी पाठवला तो सापेक्षतेविना केलेला विचार. आज शिकवल्या जाणाऱ्या श्रोडिंगर समीकरणात विराम-ऊर्जा नसते.

५/ एवढी ऊर्जा वगळूनही उत्तर बरोबर कसे? कारण ती प्रत्येक अवस्थेत सारखीच मिळवली जाते. अणूतून निघणाऱ्या प्रकाशाची वारंवारता दोन अवस्थांच्या ऊर्जांमधील फरकाने ठरते आणि वजाबाकीत समान भाग उडून जातो. तानपुऱ्याच्या दोन तारा किंचित बेसूर असल्या, की त्यांच्या वारंवारतांमधील फरक संथ आंदोलन होऊन ऐकू येतो, तसेच हे.

६/ मात्र ही सवलत सशर्त आहे. एकूण वस्तुमान बदलत नाही, तोवरच विराम-ऊर्जा गाळता येते. १९५४ साली व्हॅलेंटाइन बार्गमन यांनी दाखवले, की गॅलिलिओच्या सापेक्षतेवर उभ्या पुंजयामिकीत भिन्न वस्तुमानांच्या अवस्थांचे अध्यारोपण मुळात संभवतच नाही.

७/ तत्पूर्वीच, १९२८ साली, पॉल डिरॅक यांच्या समीकरणातून ही ऊर्जा परतली होती. तीही धन आणि ऋण अशा दोन्ही चिन्हांसह. स्पिन त्यातून आपोआप निघाला आणि सूक्ष्मरचनाही जुळली. ऋण ऊर्जेचा अर्थ लावताना प्रतिकणाची कल्पना पुढे आली. १९३२ साली कार्ल अँडरसन यांना वैश्विक किरणांत पॉझिट्रॉन सापडला.

८/ इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन एकमेकांना नष्ट करतात, तेव्हा बहुधा दोन गॅमा फोटॉन निघतात. प्रत्येकाची ऊर्जा सुमारे ५,११,००० इलेक्ट्रॉन-व्होल्ट. रुग्णालयातील पेट स्कॅन यंत्र नेमके हेच फोटॉन टिपते. येथे कणच नाहीसे होत असल्याने विराम-ऊर्जा वजाबाकीत उडत नाही. ती थेट मोजली जाते.