खच्चीकरण आणि आरोग्य : चीन व कोरियातील राजदरबारी खोज्यांच्या संदर्भात एक ऐतिहासिक विवेचन

'खोजा' म्हटले की मराठी वाचकास इ.स. 1307 मध्ये देवगिरीवर चालून आलेला मलिक काफूर आठवतो. त्याच्या पराक्रमाविषयी आणि कारस्थानांविषयी विपुल लिहिले गेले. परंतु खोज्यांच्या देहावर खच्चीकरणाचे कोणते परिणाम होत, हा प्रश्न आपल्याकडील इतिहासलेखनात क्वचितच उपस्थित होतो. चीन व कोरिया येथील दरबारांसंबंधी मात्र याविषयी बरीच साधने उपलब्ध आहेत. प्रस्तुत लेखात त्यांचाच विचार केला आहे.

चिनी दरबारातील पद्धतीचे तपशीलवार वर्णन जी. कार्टर स्टेंट यांनी 1877 मध्ये केले. छिंग राजवटीत वृषण व शिश्न दोन्ही समूळ कापली जात. मूत्रमार्गात खुंटी बसवून जखम थंड पाण्यात भिजविलेल्या कागदाने झाकत आणि रुग्णास तीन दिवस पाण्याचा थेंबही देत नसत. चौथ्या दिवशी खुंटी काढल्यावर मूत्र बाहेर आले तर तो वाचला असे समजले जाई. मार्ग बंद झाला असल्यास वेदनामय मृत्यू अटळ असे. वाचलेल्यांपैकी अनेकांना पुढे मूत्रावर नियंत्रण ठेवणे कठीण जाई. त्यांच्या अंगाच्या दुर्गंधीवरून लोकांत कुचेष्टा होत असे. वस्तुतः ती शस्त्रक्रियेने दिलेली व्याधी होती, तरीही तिचे खापर त्यांच्याच माथी फुटले.

याहून दूरगामी परिणाम पुंसंप्रेरकाच्या अभावाचे होते. वयात येण्यापूर्वी खच्चीकरण झालेल्या मुलाचा आवाज फुटत नाही, दाढीमिशा येत नाहीत. लांब हाडांची टोके वेळेवर सांधली न गेल्याने हातपाय प्रमाणाबाहेर वाढतात. उतारवयात हाडे ठिसूळ होऊन पाठीस बाक येतो. विल्सन व रोअरबॉर्न या संशोधकांनी 1999 मध्ये चिनी व ऑटोमन दरबारांतील खोजे आणि रशियातील स्कोप्त्सी पंथीय यांच्यासंबंधीची जुनी वैद्यकीय निरीक्षणे एकत्र करून हेच दाखविले. बीजिंगमधील 26 वृद्ध खोज्यांच्या तपासणीत बहुतेकांची प्रोस्टेट ग्रंथी हातास लागत नव्हती, इतकी ती आक्रसली होती. चार्ल्स हगिन्स यांनी 1941 मध्ये प्रोस्टेटच्या कर्करोगावर वृषण काढण्याचा उपचार मांडला, त्याची उपपत्तीही पुंसंप्रेरक व ही ग्रंथी यांच्या याच संबंधात आहे.

या हानीच्या विरुद्ध बाजूस दीर्घायुष्याचा दाखला दिला जातो. कोरियातील खोजे मुले दत्तक घेऊन वंश चालवीत आणि वंशावळी राखीत. अशा एका वंशावळीवरून 2012 मध्ये 81 खोज्यांचे सरासरी आयुर्मान 70 वर्षे निघाले; समान सामाजिक स्तरातील इतर पुरुषांपेक्षा ते 14 ते 19 वर्षांनी अधिक होते. तिघांनी तर शंभरी गाठली होती. हा निष्कर्ष महत्त्वाचा आहे, यात शंका नाही. मात्र तो जसाच्या तसा चीनला लावणे योग्य नव्हे. कोरियात सामान्यतः वृषणांचीच हानी झालेली असे, चीनमध्ये सर्वच अवयव जात. शिवाय वंशावळीत नाव येण्यासाठी आधी जगावे लागते. खच्चीकरणाच्या जखमेने दगावलेल्या बालकाचा वंश कोण लिहिणार? प्रस्तुत लेखिकेच्या मते ही सरासरी खच्चीकरणाची नसून त्यातून वाचलेल्यांची आहे.

या संदर्भात चीनचा अखेरचा दरबारी खोजा सुन याओतिंग याचे चरित्र पाहण्यासारखे आहे. 1902 मध्ये जन्मलेल्या या मुलाचे खच्चीकरण दारिद्र्याने गांजलेल्या बापानेच घरी वस्तऱ्याने केले, तेही कोणतेही भूल देणारे औषध न वापरता. मुलगा तीन दिवस बेशुद्ध होता आणि जवळपास दोन महिने त्यास हलताही येत नव्हते. त्यानंतर काही महिन्यांतच, फेब्रुवारी 1912 मध्ये, सम्राटाने सिंहासन सोडले. सुन 1996 मध्ये, वयाच्या 94 व्या वर्षी, बीजिंगमध्ये वारला.