जीवनसत्त्वाकडून विरोधकाकडे : कर्करोगावरील फॉलिक आम्लाच्या चाचण्यांचा इतिहास

प्रस्तावना

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात स्कर्व्ही, बेरीबेरी, पेलाग्रा यांसारख्या रोगांचे मूळ आहारातील न्यूनतेत असल्याचे सिद्ध झाले. साहजिकच, ज्या रोगांचे कारण उमगत नव्हते त्यांवरही एखादे जीवनसत्त्व गुणकारी ठरेल, अशी आशा निर्माण झाली. कर्करोगही त्यास अपवाद नव्हता. फॉलिक आम्लाच्या बाबतीत या आशेची कसोटी प्रत्यक्ष रुग्णांवर लागली, ती फोल ठरली आणि त्या अपयशातूनच रक्ताच्या कर्करोगावरील औषधोपचारास दिशा मिळाली. प्रस्तुत लेखात या घटनाक्रमाचा संक्षिप्त परामर्श घेतला आहे.

मुंबईतील प्रारंभ

या इतिहासाचे पहिले पान मुंबईत लिहिले गेले. १९२८ मध्ये ब्रिटिश संशोधिका डॉ. ल्यूसी विल्स गरोदर स्त्रियांमधील तीव्र रक्तक्षयाच्या अभ्यासासाठी येथे आल्या. कापडगिरण्यांत राबणाऱ्या गरीब स्त्रियांत हा विकार प्राणघातक ठरत असे. रोगजंतूंचा माग काढून हाती काही लागेना, तेव्हा त्यांनी आहाराकडे लक्ष वळविले. यीस्टचा अर्क दिल्यावर रुग्ण झपाट्याने सुधारतात, हा निष्कर्ष त्यांनी १९३१ मध्ये प्रसिद्ध केला. यीस्टमधील हा अज्ञात घटक म्हणजेच पुढे ओळखले गेलेले फॉलेट होय. १९४१ मध्ये पालकाच्या पानांतून मिळविलेल्या द्रव्यास ‘फॉलिक आम्ल’ हे नाव मिळाले. अमेरिकेतील लेडर्ले प्रयोगशाळेत भारतीय शास्त्रज्ञ डॉ. येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या मार्गदर्शनाखालील गटाने त्याचे संश्लेषण केले. १९४५ मध्ये ते जाहीर झाले.

आशा आणि तिचा भंग

याच सुमारास न्यूयॉर्क येथे रिचर्ड लेविसोन यांच्या गटास या वर्गातील एका द्रव्यामुळे उंदरांतील स्तनांच्या गाठी नाहीशा होत असल्याचे आढळले. उंदरांवरून माणसावर येण्यास फारसा विलंब लागला नाही. सुप्रसिद्ध बेसबॉलपटू बेब रूथ यांना १९४७ मध्ये ‘टेरॉप्टेरिन’ हे फॉलिक आम्लाचे संयुग देण्यात आले. काही काळ त्यांना आराम वाटला. परंतु १६ ऑगस्ट १९४८ रोजी त्यांचे निधन झाले.

बोस्टन येथील बालरुग्णालयातील विकृतिशास्त्रज्ञ डॉ. सिडनी फार्बर यांनी अशी संयुगे विविध कर्करोगांच्या ९० रुग्णांना दिली व १९४७ च्या अखेरीस निरीक्षणे प्रसिद्ध केली. तीव्र ल्युकेमियाच्या बालरुग्णांत रोग हटण्याऐवजी अधिक वेगाने वाढत असल्याचे त्यांना अस्थिमज्जेच्या तपासणीत जाणवले. जे द्रव्य मुंबईतील स्त्रियांच्या रक्तपेशींना जीवदान देत होते, तेच येथे विकृत पेशींचे पोषण करीत असावे, असा याचा अर्थ होता. फॉलेट हे डीएनएच्या निर्मितीस आवश्यक असते आणि विभाजित होणाऱ्या प्रत्येक पेशीस, मग ती निरोगी असो वा रोगट, त्याची गरज भासते.

विरोधकाचा जन्म

फार्बर यांनी मग प्रश्न उलटा केला. पोषणाने रोग वाढत असेल, तर ते रोखल्यास काय होईल? सुब्बाराव यांच्या गटाने फॉलिक आम्लासारखी रचना असलेली, परंतु त्याच्या कार्यात अडथळा आणणारी द्रव्ये पुरविली. त्यांपैकी ॲमिनॉप्टेरिनची फलिते जून १९४८ मध्ये प्रसिद्ध झाली. तीव्र आजारी अशा १६ मुलांपैकी १० जणांत सुधारणा दिसली. ती तात्पुरती होती व औषधाची विषबाधाही गंभीर होती; तथापि ज्या रोगात काही आठवड्यांत मृत्यू अटळ मानला जाई, तेथे प्रथमच औषधाने रोग मागे हटला. याच वर्गातील मेथोट्रेक्सेट आजही उपचारात वापरले जाते.

मूल्यमापन

या यशाकडे पाहताना दोन बाबी दृष्टिआड करता येत नाहीत. एक, या चाचण्यांत तुलनेसाठी स्वतंत्र गट नव्हता. त्यामुळे रोग जीवनसत्त्वामुळेच बळावला की स्वाभाविक क्रमाने, हे काटेकोरपणे ठरविणे शक्य नव्हते. फार्बर यांचे निरीक्षण हा पुरावा नव्हता, तर सूचक संकेत होता. दोन, या संकेताची संभाव्य किंमत आजारी बालकांनी मोजली. ज्ञानवृद्धीच्या इतिहासात त्यांची नोंद केवळ ‘रुग्ण’ एवढीच उरते, याची जाणीव अभ्यासकाने ठेवणे उचित ठरेल.

तुलनात्मक चाचण्यांचे युग आल्यावरही सावधगिरीचे कारण संपले नाही. मोठ्या आतड्यातील गाठी पूर्वी काढलेल्या १,०२१ व्यक्तींचा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. रोज १ मिलिग्रॅम फॉलिक आम्ल घेऊनही नव्या गाठींना प्रतिबंध झाला नाही. उलट, प्रगत गाठींचा धोका वाढण्याची शक्यता दिसून आली.

समारोप

न्यूनता असेल तेथे जीवनसत्त्व हे औषध असते. न्यूनता नसेल तेथे ते औषध असेलच असे नाही. विल्स यांनी आधी रुग्ण स्त्रीच्या ताटात काय नाही, हे पाहिले आणि मग उपाय शोधला. पुढील आशावादात हा क्रम उलटला. फार्बर यांचे श्रेय असे की, आपला उपाय अपाय करीत असल्याची शंका येताच त्यांनी ती दडपली नाही, तर तिलाच संशोधनाचा आरंभबिंदू मानले.