संगणकाधारित महाविद्यालयीन बीजगणित : अभ्यासक्रमाच्या आरंभाचा प्रश्न

प्रस्तावना :

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१ च्या विनियमांनी 'स्वयम्' व्यासपीठावरील ऑनलाइन अभ्यासक्रमांना एका सत्रात ४० टक्क्यांपर्यंत वाव दिला. अशा अभ्यासक्रमांचा विचार करताना आशयाचा दर्जा, चित्रफिती आणि परीक्षापद्धती यांवर भर दिला जातो. नाव नोंदविलेला विद्यार्थी पहिल्या काही आठवड्यांत नेमके काय करतो, हा प्रश्न मात्र सहसा मागे पडतो. अमेरिकेतील संगणकाधारित बीजगणिताचा इतिहास पाहिला असता तो याच प्रश्नापाशी पुनःपुन्हा येऊन थांबतो, असे दिसून येते.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. अमेरिकेत 'कॉलेज अल्जिब्रा' या नावाने जो विषय शिकविला जातो, त्यात गट, वलय इत्यादी आधुनिक बीजगणिताचा समावेश नसतो. समीकरणे, बहुपदी, फलने, घातांकी व लॉगॅरिदम फलने असा त्याचा आवाका असून आपल्याकडे हा भाग बहुतांशी दहावी ते बारावीच्या दरम्यान येतो. तथापि गणिताशी पुढे फारसा संबंध न येणाऱ्या अनेक विद्यार्थ्यांनाही पदवीसाठी तो उत्तीर्ण व्हावा लागतो. त्यामुळे या वर्गात विषयाची भीती बाळगूनच प्रवेश करणाऱ्यांची संख्या मोठी असते.

प्लेटो आणि टिकिट :

इलिनॉय विद्यापीठात डोनाल्ड बिट्झर यांच्या नेतृत्वाखाली १९६० मध्ये 'प्लेटो' या संगणकीय अध्यापनप्रणालीचा आरंभ झाला. १९७० च्या दशकाच्या आरंभी राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानने दोन प्रकल्पांना मोठे अर्थसाहाय्य दिले. एक प्लेटो आणि दुसरा 'टिकिट'. (टाइम-शेअर्ड इंटरॅक्टिव्ह कॉम्प्युटर-कंट्रोल्ड इन्फर्मेशन टेलिव्हिजन या लांबलचक नावाचे हे संक्षिप्त रूप. आपल्या 'तिकिटा'शी त्याचा संबंध नाही.) प्लेटोची धडेवार सामग्री शिक्षकाने आपल्या तासिकांना पूरक म्हणून, आपल्या सोयीने वापरावयाची होती. टिकिटची भूमिका याहून मूलगामी होती. संपूर्ण अभ्यासक्रमच संगणकाने शिकवावा, असा तिचा आग्रह होता. मायटर कॉर्पोरेशनने यंत्रणा उभारली. ब्रिगहॅम यंग विद्यापीठातील व्हिक्टर बंडरसन, डेव्हिड मेरिल आदींनी अध्यापनाची रचना केली. अ‍ॅरिझोनातील फिनिक्स कॉलेज व नॉर्दर्न व्हर्जिनिया कम्युनिटी कॉलेजचा अलेक्झांड्रिया परिसर या दोन ठिकाणी बीजगणित आणि इंग्रजी लेखन हे विषय प्रयोगासाठी निवडण्यात आले.

टिकिटचा कळफलक आजही अभ्यासण्यासारखा आहे. रंगीत दूरचित्रवाणीसंचासमोर बसलेल्या विद्यार्थ्याला 'नियम', 'उदाहरण' व 'सराव' अशा स्वतंत्र कळा दिलेल्या होत्या. त्यांच्या जोडीला 'अधिक सोपे', 'अधिक कठीण', 'मदत', 'नकाशा' आणि 'सल्ला' याही कळा होत्या. आधी नियम वाचावयाचा की थेट सराव करावयाचा, किती उदाहरणे पाहावयाची, पुढील पाठाकडे केव्हा वळावयाचे, हे सर्व विद्यार्थ्याने ठरवावयाचे. वर्गातील एकाच गतीच्या जाचातून त्याची सुटका करणे हा या रचनेमागील हेतू होता आणि तो हेतू उदात्त होता, यात शंका नाही.

एज्युकेशनल टेस्टिंग सर्व्हिसने केलेल्या मूल्यमापनाचा अहवाल १९७८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील निष्कर्ष दुहेरी होते. ज्यांनी टिकिटद्वारे अभ्यासक्रम पूर्ण केला, त्यांची चाचणीतील कामगिरी व्याख्यानवर्गातील विद्यार्थ्यांपेक्षा सर्वसाधारणपणे सरस ठरली. परंतु गणितात एका सत्राच्या मुदतीत अभ्यासक्रम पूर्ण करणारे विद्यार्थी केवळ १६ टक्क्यांच्या आसपास होते, तर व्याख्यानवर्गात हे प्रमाण ५० टक्क्यांच्या जवळपास होते. उरलेले सारेच विषय सोडून गेले, असा याचा अर्थ नव्हे. काहींचे काम पुढील सत्रावर गेले. तरीही हे अंतर दुर्लक्षिण्याजोगे नाही. विषयाची पूर्वतयारी चांगली असलेल्यांनाच टिकिटचा अधिक लाभ झाला, हेही मूल्यमापनातून पुढे आले. प्लेटोच्या बाबतीत त्याच संस्थेने केलेल्या पाहणीत गळतीवर वा संपादनावर सातत्याने दिसणारा कोणताही बरावाईट परिणाम आढळला नाही. तेथे वर्ग शिक्षकाच्याच हाती राहिला होता.

दोन्ही प्रकल्पांची तुलना करता टिकिटचे अपयश यंत्राचे होते, असे म्हणता येत नाही. 'सल्ला' ही कळ तेथे होतीच. पण सल्ल्याची गरज आहे हे ओळखून ती दाबण्याची जबाबदारी नवख्यावर होती आणि ज्याला बीजगणितच उमगत नाही, त्याला आपल्याला काय उमगत नाही हे ठरविणे सर्वांत अवघड जाते.

लाल पेला :

१९९७ मध्ये व्हर्जिनिया टेक या विद्यापीठाने ब्लॅक्सबर्ग येथील एका बंद पडलेल्या दुकानाच्या सुमारे ६०,००० चौरस फुटांच्या जागेत 'मॅथ एम्पोरियम' सुरू केले. सुमारे ५०० संगणक आणि चोवीस तास उघडे दार. पाठ संगणकावरच होते, परंतु मदतनीस दालनात फिरत असत. अडचण आलेल्या विद्यार्थ्याने आपल्या संगणकावर लाल रंगाचा पेला ठेवावयाचा की कोणी तरी जवळ येई. एखाद्या महागड्या प्रणालीपेक्षा हा पेला कदाचित अधिक उपयुक्त ठरला असावा. शिवाय शेजारचाही अडला आहे, हे त्यामुळे नवख्याला दिसत असे.

सॅन होजे, २०१३ :

मॅथ एम्पोरियमचा हा अनुभव उपलब्ध असतानाही पुढील मोठा प्रयोग टिकिटच्या वाटेने गेला. १५ जानेवारी २०१३ रोजी कॅलिफोर्नियाचे गव्हर्नर जेरी ब्राउन यांच्या उपस्थितीत सॅन होजे स्टेट विद्यापीठ आणि उडासिटी ही कंपनी यांनी तीन अभ्यासक्रमांची घोषणा केली : पायाभूत गणित, कॉलेज अल्जिब्रा आणि प्रारंभिक संख्याशास्त्र. प्रत्येकी १०० विद्यार्थ्यांची मर्यादा आणि १५० डॉलर शुल्क होते. सत्र त्याच महिन्याच्या अखेरीस सुरू व्हावयाचे असल्याने अभ्यासक्रमांची बांधणी घाईने झाली. प्रवेश घेणाऱ्यांत ओकलँडमधील एका शाळेचे विद्यार्थीही होते. त्यांतील काहींजवळ घरी संगणक वा इंटरनेटची सोय नव्हती, ही गोष्ट सत्र सुरू झाल्यानंतर ध्यानात आली.

वसंत सत्रात पायाभूत गणितात सुमारे २४ टक्के, बीजगणितात ४४ टक्के व संख्याशास्त्रात ५१ टक्के विद्यार्थी उत्तीर्ण झाले. जुलैमध्ये प्रकल्प स्थगित झाल्याचे जाहीर झाले. राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानच्या साहाय्याने त्याच वर्षी झालेल्या अभ्यासात असे आढळले की, यशाचा संबंध विद्यार्थ्याच्या पार्श्वभूमीपेक्षा त्याने किती प्रश्नसंच सोडवून दिले, याच्याशी अधिक निकटचा होता. आरंभीच ज्याचा हात सरावाला लागला नाही, त्याच्यासाठी उत्तम चित्रफितीही निरुपयोगी ठरल्या.

उन्हाळी सत्रात बीजगणिताचा निकाल सुमारे ७३ टक्क्यांवर गेला. या वाढीचे श्रेय सुधारित अभ्यासक्रमास देण्याचा मोह होणे स्वाभाविक आहे, पण ते पूर्णपणे ग्राह्य धरता येत नाही. उन्हाळी सत्रात नाव नोंदविणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक जणांनी आधीच पदवी संपादन केलेली होती. अभ्यासाला बसावे कसे आणि अडल्यास विचारावे कुणाला, हे त्यांना कोणी नव्याने शिकविण्याची गरज नव्हती.