एक मजला वाढला, लिफ्टचं काय?

आमच्या गोंदियात 'एलिव्हेटर' म्हटलं की आधी आठवते ती राइस मिल. पट्ट्यावर डबे लावलेले असतात, ते खालून धान उचलतात आणि वर नेऊन टाकतात. हा एलिव्हेटर उंच करायचा तर पत्र्याच्या खोक्याला एक तुकडा जोडा, पट्टा लांब करा, चार डबे वाढवा. झालं काम!

माणसांच्या लिफ्टचं असं नाही. गावी फोन केला की हल्ली "आमच्या अपार्टमेंटवर एक मजला चढवतायत" हा विषय निघतोच. म्हणून या वीकेंडला थोडा इतिहास चाळला.

१८५४ मध्ये एलिशा ओटिसने न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात लिफ्टचा दोर सर्वांसमोर कापून दाखवला. लिफ्ट पडली नाही, लोकांचा विश्वास बसला. पण उंचीचा प्रश्न तसाच राहिला. पाण्याच्या दाबावर चालणाऱ्या एका प्रकारात लिफ्टखाली सरळ दट्ट्या असायचा. लिफ्ट जितकी वर जाणार, तितका खोल खड्डा जमिनीत. म्हणजे मजला वाढवायचा वर आणि खोदायचं खाली! दुसऱ्या प्रकारात दोर पिंपासारख्या ड्रमवर गुंडाळला जायचा. ड्रम भरला की उंची संपली.

१९०३ मध्ये ओटिस कंपनीने गिअरलेस ट्रॅक्शन मशीन आणलं. यात दोर गुंडाळायचा नाहीच. तो चाकाच्या खाचेतून नुसता जातो, एका टोकाला लिफ्ट, दुसऱ्या टोकाला वजन, आणि घर्षणावर सगळं चालतं. आता उंची मशीनच्या आकारात अडकलेली नव्हती. आपल्या भाषेत सांगायचं तर हार्डकोड केलेली लिमिट निघाली :)

तरी काम सोपं नाही. जुन्या लिफ्टची मशीनरूम गच्चीवर असते, म्हणजे नेमकी नव्या मजल्याच्या जागेत. ती तोडून वर न्यायची. गाइड रेल वाढवायच्या. दोर जोडून चालत नाही, सगळे नवे घ्यायचे. कंट्रोलर जुना रिलेवाला असेल तर तोही बहुधा बदलायचा. शिवाय तोवर लिफ्ट बंद.

कायदा काय म्हणतो? मुंबई लिफ्ट कायदा १९३९ चा. तेव्हा गोंदिया मुंबई इलाख्यात नव्हतंच, मध्य प्रांतातल्या भंडारा जिल्ह्यात होतं. पुढे त्या कायद्याची जागा महाराष्ट्राच्या २०१७ च्या कायद्याने घेतली. लिफ्टमध्ये फेरबदल करायचा तर परवानगी लागते. ठीक आहे, सुरक्षेचा प्रश्न आहे.

खरी गंमत आहे बांधकामाच्या नियमांत. मुंबई सोडून राज्याच्या बहुतेक भागाला लागू असलेली २०२० ची एकत्रित विकास नियंत्रण नियमावली सांगते की १५ मीटरपेक्षा उंच इमारतीला लिफ्ट हवीच. पण लिफ्ट असलेल्या जुन्या इमारतीवर एकच मजला वाढवत असाल, तर लिफ्ट त्या मजल्यापर्यंत न्यायची सक्ती नाही!

सवलतीमागचं कारण वरच्या यादीवरून कळतं. एका मजल्यासाठी एवढा खर्च कोण करणार? पण त्या मजल्यावर राहणार कोण, हा प्रश्न उरतोच. एक जिना म्हणजे साधारण अठरा-वीस पायऱ्या. तुम्हा-आम्हाला काहीच नाही. गुडघे गेलेल्या आईला रोज दोनदा, हातात भाजीची पिशवी घेऊन? आणि दवाखान्यात न्यायची वेळ आली तर?

मशीनची अडचण शंभर वर्षांपूर्वीच सुटली आहे. उरलाय तो खर्च आणि इच्छा. त्यामुळे सोसायटीच्या बैठकीत वाढीव मजल्याचा ठराव आला, तर लिफ्ट वर नेण्याचं काम त्याच करारात लिहून घ्या, स्लॅब पडायच्या आधी. नंतर शाफ्टसाठी तोच स्लॅब फोडायला कोणी तयार होत नाही. आणि वरचा फ्लॅट स्वस्तात मिळतोय म्हणून घेत असाल, तर लिफ्टमधलं शेवटचं बटण कितव्या मजल्याचं आहे, ते आधी बघून या.

मिलमधल्या धानाला पायऱ्या चढाव्या लागत नाहीत. आपल्या आई-बाबांना तरी का लागाव्यात?