लघवीतील खुणांची कुळकथा

मुतखडा झालेल्या मुलाच्या मूत्रपिंडाला इजा पोहोचली आहे का, हे रक्तातील क्रिएटिनिनवरून वेळेत कळेलच असे नाही. कारण क्रिएटिनिन हा स्नायूंतून निघणारा टाकाऊ पदार्थ असून मुलांचे स्नायूच कमी भरत असल्याने त्याची पातळी मुळात खालची असते, आणि खड्याने एका बाजूची मूत्रवाहिनी अडवली तरी दुसरे मूत्रपिंड बराचसा भार सांभाळून नेते. म्हणूनच इजेची खूण थेट लघवीत शोधण्याचा प्रयत्न होत आला आहे, आणि त्याचे मूळ क्रिएटिनिनच्या चाचणीहून जुने आहे.

नेपल्स येथील वैद्य दोमेनिको कोतुन्यो यांनी 1764 मध्ये, अंगावर सूज आलेल्या एका सैनिकाची लघवी तापवली असता ती अंड्यातील पांढऱ्या बलकासारखी गोठते, असे नोंदवले. या निरीक्षणाला खरा अर्थ आला तो 1827 मध्ये, जेव्हा लंडनच्या गाइज हॉस्पिटलमधील रिचर्ड ब्राइट यांनी असे गोठणे, अंगावरील सूज आणि मृत्यूनंतरच्या विच्छेदनात दिसलेले रोगग्रस्त मूत्रपिंड या तिन्हींची सांगड घातली. गोठणारा तो पदार्थ मुख्यतः अल्ब्युमिन हे प्रथिन होते. परंतु अल्ब्युमिनचे मोठे प्रमाण प्रामुख्याने रक्त गाळणाऱ्या केशिकागुच्छांचा बिघाड दाखवते, तर खड्यांना जन्म देणाऱ्या ऑक्झलेटच्या स्फटिकांचा मारा बसतो तो त्यापुढील सूक्ष्म नलिकांच्या पेशींवर. त्यामुळे नलिकांची वेगळी साक्ष हवी होती.

ती प्रथम मिळाली खड्यांच्या नव्हे, तर विषबाधेच्या अभ्यासातून. इंगेमार बेर्गोर्ड आणि अलेक्झांडर बेर्न यांनी 1968 मध्ये, कॅडमियमची बाधा झालेल्या आणि विल्सनचा आजार असलेल्या रुग्णांच्या लघवीतून बीटा-2 मायक्रोग्लोब्युलिन हे छोटे प्रथिन वेगळे केले. निरोगी नलिका ते गाळलेल्या द्रवातून जवळजवळ पूर्णपणे परत शोषून घेतात, म्हणून लघवीत ते वाढले की नलिका दुबळ्या झाल्या असे समजते. मात्र आम्लधर्मी लघवीत ते लवकर नष्ट होते, ही त्याची मोठी अडचण ठरली. एनएजी या एन्झाइमचे तसे नाही. त्याचा रेणू इतका मोठा असतो की तो रक्तातून सहसा गाळला जात नाही, आणि म्हणून लघवीत वाढलेले एनएजी बहुधा दुखावलेल्या नलिकापेशींतूनच आलेले असते.

पुढची पिढी जनुकांच्या अभ्यासातून आली. इजा झालेल्या पेशीच तयार करतात अशा किम-1 या प्रथिनाचे वर्णन 1998 मध्ये उंदरांवरील प्रयोगांतून झाले. 2005 मध्ये सिनसिनाटी येथे हृदयशस्त्रक्रिया झालेल्या 71 मुलांच्या अभ्यासात असे दिसले की, मूत्रपिंडाला इजा झालेल्या मुलांच्या लघवीत एनगॅल हे प्रथिन दोन तासांत वाढते, तर क्रिएटिनिन वाढण्यास एक ते तीन दिवस लागतात. हा शोध मुलांमध्येच लागला, ही बाब महत्त्वाची आहे, कारण बालरोगात बहुतेक चाचण्या प्रौढांकडून उसन्या घेतल्या जातात.

मुतखड्याच्या बालरुग्णांत मात्र या खुणा जपून वाचाव्या लागतात. एनगॅल पांढऱ्या रक्तपेशींतूनही येत असल्याने मूत्रमार्गाच्या जंतुसंसर्गात ते वाढते, आणि खडा व जंतुसंसर्ग पुष्कळदा बरोबरच असतात. लघवी किती पातळ आहे यावरही आकडा बदलतो, म्हणून तो लघवीतील क्रिएटिनिनच्या प्रमाणात मांडतात. पण तेही वयानुसार बदलत असल्याने वयवार मर्यादा ठरवाव्याच लागतात. अशा मर्यादा सर्वमान्य होईपर्यंत या चाचण्यांना सोनोग्राफी, लघवीचे कल्चर आणि खड्याचे रासायनिक पृथक्करण यांच्या जोडीलाच स्थान आहे, त्यांच्या जागी नाही.